जुन्या घाटातली लाल चिंधी

मोहाची फुलं गळायला लागली की मला भीती वाटायला लागते. होळी होऊन आठ-दहा दिवस झालेले असतात, अकोल्याचं ऊन आपला खरा स्वभाव दाखवायला लागलेलं असतं, गल्लीत कूलर धुण्याची घाई सुरू असते. अशातच एखाद्या सकाळी पातूरच्या बसमधून कुणी बाई टोपली घेऊन उतरते आणि तो वास नाकाशी येतो. गोडसर, जडसर, गूळ उतू गेल्यासारखा. लोकांना त्या वासानं काय काय आठवत असेल. मी पदर नाकाला लावते.

तशी मी जन्माचीच भित्री. गॅसचं बटण दोनदा बघते, दाराची कडी तीनदा. मुलगी मला भित्री भागूबाई म्हणते आणि मी ते मनावर घेत नाही, कारण ते खरं आहे. माझं माहेर शेंदूरजनाघाटचं, संत्र्याच्या बागांमधलं. तिथं बागेत कुठंही उभं राहून हाक मारली की कुणीतरी ओ द्यायचंच. माणूस नसलेली जागा कशी असते हे मला लग्नापर्यंत ठाऊक नव्हतं. पुढं शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, साठ-साठ पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प केला. पण रस्त्यानं चालताना मागून ट्रकचा भोंगा ऐकला की आजही मी रस्ता सोडून कडेला उभी राहते.

आणि नवरा मिळाला तो सायकलवेडा. इथं मी त्यांना मनोहरराव म्हणते. घरात ‘अहो’ म्हणते, पण कागदावर ते किती वेळा लिहिणार. अकोल्याच्या कोर्टात त्यांनी तीसेक वर्षं वकिली केली. वकिलीचं शिक्षण अमरावतीला झालं आणि त्या दिवसांत मित्रांबरोबर परतवाड्याहून चिखलदऱ्यापर्यंत सायकलनं चढून गेल्याची एक गोष्ट त्यांच्यापाशी आहे. ती आमच्या घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं ऐकलेली आहे. दर खेपेला तो चढ आणखी उभा व्हायचा आणि सायकल आणखी जुनी. मी चहा ठेवायला आत जायची, परत यायची, तरी हे अजून अर्ध्या घाटातच असायचे.

पातूरच्या पुढं डोंगर कापून नवा रुंद रस्ता झाला आणि जुन्या घाटाची वळणं तशीच जंगलात पडून राहिली. गाड्यांना आता त्याचं काही काम नाही. डांबराला भेगा पडून त्यातून गवत आलेलं, मैलाचे दगड अजून इमानदारीनं गावांची अंतरं सांगतात, एका वळणावर ‘हॉर्न वाजवा’ अशी गंजकी पाटीसुद्धा उभी आहे. दोन्हीकडं साग, धावडा, मधेच पेटल्यासारखा पळस. मुलीनं पुण्याहून आमच्यासाठी गिअरच्या दोन सायकली पाठवल्या, तेव्हा मी चार दिवस माझ्या सायकलीवर ओली चादर वाळत घातली. पाचव्या दिवशी मनोहररावांनी दोन्ही सायकली गाडीच्या मागं बांधल्या आणि म्हणाले, ‘चल, तुला असा रस्ता दाखवतो जिथं एकही ट्रक नाही.’

खरंच नव्हता. मला आठवतं, पहिल्या दिवशी अर्धा तास गेला आणि माझ्या लक्षात आलं की मी खांदे आखडून बसलेली नाही. सागाचं एखादं वाळकं पान पडलं तरी भांडं पडल्यासारखा आवाज व्हायचा. सायकलीच्या साखळीची बारीक करकर, पोपटांचा थवा, आणि वरच्या वळणावरून येणारी यांची शीळ. मागून काही येणार नाही, पुढून काही येणार नाही. त्या रस्त्यावर मी पन्नाशीनंतर पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला असं म्हटलं तर ते अगदी शब्दशः खरं आहे. मग दर रविवार आमचा तिथंच जायला लागला.

आमची रीत ठरून गेली होती. तिसऱ्या वळणाशी ओढ्यावरची एक मोरी आहे, तिथवर मी चढायची. माझे गुडघे त्याच्या पुढं नाही म्हणत. मी मोरीच्या कठड्यावर बसून थर्मासमधला चहा प्यायची आणि मनोहरराव माथ्यापर्यंत जाऊन यायचे. जायला वीस मिनिटं, उतरायला दहा. मोरीच्या वर, माझ्या नजरेआड, एक फाटा आहे. वरून उतरताना डावीकडची वाट म्हणजे आपला घाट आणि उजवीकडची जंगलखात्याची. एके काळी एक डांबरी होती आणि एक कच्ची. आता दोन्ही सारख्याच मातकट दिसतात. फाट्याच्या मधोमध मोहाचं मोठं झाड.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. त्या साली मोह फार गळाला. फाट्याकडून वारा आला की मोरीपर्यंत वास यायचा. एका रविवारी गुडघा बरा होता म्हणून मी फाट्यापर्यंत चढले, तर झाडाच्या खालच्या फांदीला लाल कापडाची चिंधी बांधलेली. मी काय समजायचं ते समजले. कुणाचा तरी नवस असणार. सायकल उभी केली, चपला काढल्या आणि हात जोडले. मागायला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून म्हटलं, ‘हे वर गेलेत, त्यांना सुखरूप खाली आण.’ पुढच्या दोन्ही रविवारी मी मुद्दाम तिथवर जाऊन हात जोडून आले. वरच्या वळणांवर अशा आणखी चिंध्या आहेत असं दिसलं तेव्हा तर मला बरंच वाटलं. जंगलात देव आहे, म्हणजे अगदीच निर्जन नाही.

आता मागं वळून बघते तेव्हा सगळं इतकं स्वच्छ दिसतं की स्वतःला थप्पड मारावीशी वाटते. त्यांनी त्याच हिवाळ्यात गाडी चालवणं सोडलं होतं. ‘डोळ्यांवर ताण येतो, तूच चालव,’ म्हणाले आणि मी शिकले, उलट मिरवले. कोर्टात जाणंही थांबवलं. ‘तारखा लक्षात ठेवायचा कंटाळा आला आता.’ मला आनंद झाला, माणूस घरी असेल म्हणून. चिखलदऱ्याची गोष्ट त्यांनी एका पाहुण्याला एकाच बैठकीत दोनदा सांगितली, तेव्हा पाहुणा आणि मी एकमेकांकडं बघून हसलो. ते हसू मला अजून बोचतं. मी ट्रकला घाबरत होते, कुत्र्याला घाबरत होते, पालीला घाबरत होते. ज्याला घाबरायचं ते रोज माझ्यासमोर बसून जेवत होतं.

चौथ्या रविवारी मी मोरीवर बसले होते. मनोहरराव वर गेलेले. एवढ्यात वरून एक बाई उतरत आली, डोक्यावर मोहफुलांची टोपली, हातात खराटा. माझ्यासमोर थांबली. गोदाबाई तिचं नाव, घाटाच्या कुशीतल्या वस्तीतली. हे मला नंतर कळलं. तेव्हा तिचा चेहरा तेवढा कळला, आणि तो रागातला होता.

‘बाई, ते सायकलवाले साहेब तुमचेच ना?’

‘हो. का हो?’

‘मंग त्यायले इचारा, आमच्या झाडाले चिंधी काहून बांधून राहिले ते.’

मला कळेना. तिनं टोपली खाली ठेवली आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. फुलं गळायच्या आधी त्यांच्या वस्तीतलं एकेक घर आपापल्या झाडाला चिंधी बांधतं. ज्याची चिंधी, त्याचं झाड, त्या साली. मग त्या झाडाखालचं एक फूल कुणी उचलत नाही, उपाशी असला तरी. तिनंच यंदा आधी बांधायचा आळस केला, आणि बघते तर हे साहेब बांधत होते.

‘फाट्यावरचं झाड माह्या सासूपासून आमचं हाय. तीन इतवार मी गप रायली. म्हटलं कोर्टातले साहेब हायत, कायद्याचं काई असन. फुलं खाली सडून राहिली अन् मी दुरून पाहून राहिली. आज नाई पाहवलं. फांदीवरून वढून काढली.’

तिनं कमरेला खोचलेली ती चिंधी काढून माझ्यापुढं धरली.

‘अहो, ती नवसाची असेल,’ मी म्हटलं.

‘त्या झाडाले कोन नवस करते, बापा? म्या माह्या डोयानं पाह्यलं ना. साहेबायनं सायकल टेकवली, चिंधी बांधली, अन् दोन पावलं जाऊन मांगं पाह्यलं. मंग आखीन दोन पावलं, आखीन मांगं पाह्यलं. चार-चार डाव.’

मी चिंधी हातात घेतली. एका टोकाला गाठ तशीच होती. दुहेरी वळसा आणि एक कान बाहेर काढलेला, ओढला की झटक्यात सुटणारा. ती गाठ मी घरात रोज बघते. कोर्टाच्या कागदांचे बस्ते बांधून बांधून मनोहररावांच्या बोटांना तीच एक गाठ येते. डबा, औषधांची पिशवी, भाजीची जुडी, सगळ्याला तीच. आणि कापडही बस्त्याचंच होतं, धुऊन धुऊन फिकं झालेलं लाल मांजरपाट.

तेव्हा मला जे कळलं ते एकदम कळलं. माझा नवरा खाली येण्याची वाट विसरत होता. आणि ते मला कळू नये म्हणून घरून चिंध्या फाडून आणत होता, खिशात लपवून, आणि वळणावळणावर बांधत होता. मी त्या चिंधीपुढं हात जोडून त्यांनाच सुखरूप मागत होते. आणि आता ते वर होते, आणि चिंधी माझ्या हातात.

घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटं झाली होती.

मी सायकल तिथंच टाकली आणि गुडघ्याची पर्वा न करता चढले. गोदाबाईला काय उमगलं कोण जाणे, टोपली सोडून तीही माझ्या मागं आली. फाट्यावर मोहाची फुलं पडलेली होती, पिवळट, मांसल. त्यांच्यावरून सायकलीच्या चाकाची एक चिरडलेली रेघ उमटली होती. ती जंगलखात्याच्या वाटेकडं गेली होती.

त्या वाटेवर मला जी भीती वाटली ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. ट्रकची भीती अंगाला वाटते. ही कुठं वाटते ते सांगता येत नाही. सगळीकडं सागाची पानं, पाऊल टाकलं की आवाज, थांबलं की काहीच नाही. ज्या शांततेवर मी भाळले होते तीच आता अंगावर आली. नव्या रस्त्यावर माणूस चुकला असता तर शंभर पावलांवर चहाची टपरी होती, ट्रकवाल्यांनी विचारलं असतं, कुणी फोन लावला असता. इथं विचारायला कुणी नव्हतं, आणि त्यासाठीच तर आम्ही इथं येत होतो.

गोदाबाई एकसारखी टाळ्या वाजवत होती. ‘बोलत चाला बाई. अस्वलं मोहावर येतात. त्यायले आपला आवाज गेला पायजे. अवचित गाठ पडली तं फाडते ते.’

काय बोलू? पस्तीस वर्षं बोलण्याचीच नोकरी केली आणि एक शब्द तोंडाला येईना. ‘अहो’ म्हणून ओरडले, तर तो आवाज इतका केविलवाणा निघाला की पुन्हा धीर झाला नाही. शेवटी मी हजेरी घ्यायला लागले. वर्गात घ्यायची तशी, खड्या आवाजात. एक नंबर. दोन नंबर. तीन नंबर. गोदाबाई हसली नाही. ती प्रत्येक नंबरामागं एक टाळी देत राहिली. सत्तावीसपर्यंत गेले असेन.

वाटेच्या टोकाला एक वनतळं आहे, तेव्हा कोरडं पडलेलं. त्याच्या काठी सायकल आडवी पडली होती आणि मनोहरराव एका झाडापासून दुसऱ्या झाडाकडं जात होते. प्रत्येक बुंध्याला हात लावत, मान वर करून फांद्या बघत. कोर्टात हरवलेली फाइल शोधताना कपाटापुढं जसे उभे राहायचे, तसेच. त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. ते रागावलेले होते.

‘शैला, इथं लाल चिंधी बांधली होती मी. कुणी काढली?’

आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. उलटतपासणीत भल्याभल्यांना कबूल करायला लावणारा माणूस. त्यांनी नजर खाली घातली आणि हात खिशात घातले. उजव्या खिशातून आणखी एका चिंधीचं टोक बाहेर आलेलं होतं. मी ते बघितलं नाही असं दाखवलं, पण त्यांना कळलं की मी बघितलं.

गोदाबाईच पुढं झाली. ‘म्या काढली, साहेब. माहं झाड व्हय ते.’

‘तुमचं झाड?’ त्यांनी तिच्याकडं नीट बघितलं. ‘मला माहीत नव्हतं. माझी चूक झाली, बाई. नुकसान झालं असेल तुमचं.’

तिनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. अशा बायकांना काही सांगावं लागत नाही. तिनं माझ्या मुठीतली चिंधी ओढून घेतली आणि त्यांच्या हातात दिली.

‘चाला, बांधा परत. फुलं मी वेचीन, चिंधी तुमची राहू द्या. वस्तीत मी सांगतो.’

फाट्यावर येऊन त्यांनी चिंधी बांधली. गाठ एका झटक्यात पडली. बोटांना सगळं आठवत होतं. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, ‘मुलीला सांगू नकोस.’ मी त्याच संध्याकाळी सांगितलं.

मग अमरावतीचे मेंदूचे डॉक्टर, तपासण्या, गोळ्या. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली? मनोहररावांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात बघतात. मी बोटांनी आकडा दाखवणार होते, डॉक्टरांनी खुणेनं थांबवलं.

मुलगी म्हणते, आई, सायकल विकून टाक आता. तिचं बरोबर आहे, प्रत्येक वेळी बरोबर असतं. पण तिनं त्यांना सायकलीवर बघितलेलं नाही. घरात शर्टाची बटणं चुकणारा माणूस चढ आला की आपोआप गिअर बदलतो, उतारावर योग्य जागी ब्रेक दाबतो, खड्डा चुकवतो. त्या रस्त्यावर ते तासभर पूर्वीचे असतात. तो तास त्यांच्याकडून काढून घ्यायचा की रोज उठून भीत राहायचं, यातलं मी भीत राहणं निवडलं आहे. हे शहाणपणाचं आहे असं माझं म्हणणं नाही. मोरीवर बसणं मात्र तेव्हापासून बंद. आता त्यांच्या मागं दहा हातांवर मी असते, माथ्यापर्यंत. गुडघे कुरकुरतात, कुरकुरू देत.

गोदाबाई दर साली आपली चिंधी दुसऱ्या फांदीला बांधते, आमची तशीच ठेवते. दोन चिंध्या असलेलं ते एकच झाड असेल. पण मागच्या वर्षापासून मनोहरराव आमच्या चिंधीकडं बघत नाहीत. खूण आहे, ती कशाची ते गेलं.

यंदाही मोह गळाला. गेल्या रविवारी आम्ही माथ्यापर्यंत चढलो. वर चांगला वारा होता. मी पाणी प्यायला थांबले, त्यांनी सायकल वळवून परतीच्या दिशेला उभी केली आणि माझ्याकडं बघितलं. हसले. फार सभ्यपणे हसले, आणि मला पहिली चाहूल तिथंच लागली.

‘नमस्कार. एकट्याच आलात का, ताई?’

मी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. हातातली बाटली खाली ठेवायचीसुद्धा मला भीती वाटली, काही हललं तर काय होईल म्हणून. चार वर्षं मी या क्षणाला भीत होते, दर रविवारी, दर वळणावर. तो आला तेव्हा ऊन पडलेलं होतं आणि पोपट ओरडत होते.

‘या दिवसांत इथं अस्वलं असतात,’ ते म्हणाले. ‘असं एकटीनं येऊ नये. घरी कुणी काळजी करत असेल ना?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘करतात.’

‘मग चला. मी खालपर्यंत सोडतो तुम्हाला. माझ्या मागोमाग या. आणि घाबरू नका, रस्ता माझ्या पायाखालचा आहे.’

ते पुढं निघाले. हळू, मला जमेल अशा बेतानं. प्रत्येक वळणावर मागं बघत होते, मी येतेय ना म्हणून. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं इतक्या वेळा वळून माझ्याकडं बघितलं नव्हतं. फाटा आला. ते थांबले नाहीत. उजवीकडं वळले, जंगलाच्या वाटेला, आणि पुढं जाऊन एक पाय टेकवून माझी वाट बघत उभे राहिले. ‘इकडून नाही’ हे शब्द माझ्या ओठांवर होते. त्यांनी हात केला, या म्हणून. मी गेले.